शिफ्टचं शिफ्टमध्ये

ज्ञानदेव घाडगे म्हणजे औंधाच्या पंचक्रोशीतला एक नंबरचा संशयी माणूस. शेजारीण विरजण मागायला आली तर हा आधी विचारणार, घरचं काय झालं? पोस्टमननं पाकीट दिलं की चिकटवलेली कड उजेडात धरून बघणार, मग फोडणार. एसटीत शेजारच्यानं "कुठं निघालाय?" म्हणून विचारलं तर "पुढं" एवढंच सांगून खिडकीबाहेर बघत बसणार. पोरं त्याला पाठीमागं सीआयडी तात्या म्हणायची. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते शोधण्यात तात्यानं दोन महिने घालवले होते, आणि अजून त्याचा दोघांवर संशय होता.

हा माणूस पंधरा वर्षं विमानदलात रेडिओवर होता. एकाहत्तरची लढाई त्यानं पश्चिमेच्या सीमेवर, वाळूत पुरलेल्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून काढली. एवढं गावाला माहीत होतं, आणि एवढंच. औंधाकडं घरटी एक शिपाईगडी; पारावर बसले की जो तो आपल्या पलटणीचं तिखटमीठ लावून सांगणार. ज्ञानूतात्या ऐकणार आणि धोतर झटकून उठणार. "ह्यो तिकडं बटाटं सोलत असणार," असं आप्पासो एकदा सगळ्यांदेखत बोलला. तात्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो चकार शब्द बोलला नाही. बायको शालूबाई, लग्नाला तीस वर्षं झालेली, तिलाही "ड्युटी हुती" ह्यापलीकडं कधी उत्तर मिळालं नव्हतं.

ह्याला कारण नंबियार नावाचे वॉरंट ऑफिसर. त्यांनी पहिल्याच दिवशी दहा पोरांना रांगेत उभं करून रेडिओवरचे खास शब्द पाठ करून घेतले. विमानाची उंची सांगायची तर एंजल्स. जीव खाऊन पळ म्हणायचं तर बस्टर. खाली उतर म्हणायचं तर पॅनकेक. आणि वैमानिकाला घराची वाट विचारायची असली, म्हणजे कुठल्या दिशेला वळू आणि किती मैल जाऊ, तर तो विचारणार पिजन्स. "ये शब्द सरकार का है," साहेब त्यांच्या हिंदीत म्हणाले, "बीवी को बी नई बोलना. और जो शिफ्ट में सुना, वो शिफ्ट में छोड़ना. बाजू का खाटवाला को बी नई." मग कागदावर सह्या घेतल्या. ज्ञानूनं इंग्रजी ऐकलं तेच मुळी तिथं जाऊन. त्याला वाटलं, हे शब्द आपल्याच तळावर तयार झाले आणि ह्या दहा तोंडांच्या बाहेर जगात कुणाला ठाऊक नाहीत. देवघरातल्या टाकासारखे त्यानं ते जपले.

त्या दहातला एक गडी आपल्या मुलखातला होता, सांगलीचा कृष्णात माने. दोघं एका दिवशी भरती झाले, एका तंबूत खाटेला खाट लावून झोपले, एका मगात चहा प्याले. अख्ख्या जगात ज्ञानूतात्याचा विश्वास ह्या एका माणसावर होता. म्हणून तर कृष्णातनं आपल्या पोरासाठी, जयराजसाठी, तात्याच्या पोरीला, अंकिताला मागणी घातली तेव्हा, एरवी सोयरिकीची सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या तात्यानं चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार दिला. अंकितानं साताऱ्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, जयराजचा सांगलीत कॉम्प्युटरचा क्लास. जानेवारीत साखरपुडा झाला आणि अठ्ठ्याण्णव सालच्या अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. अंकिता कामं करता करता गुणगुणायला लागली होती, आणि तात्या ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी नानासोच्या दुकानातल्या एसटीडीवर कृष्णातचा फोन आला. "ये की गड्या. पत्रिकेचा मजकूर ठरवू, आन् पोराचा क्लास बी बघून जा."

क्लास मार्केट यार्डाजवळ, हळदीच्या गोदामाच्या माडीवर होता. खाली हळदीची पोती उतरत होती आणि वर की-बोर्डांची बटणं पिवळी पडली होती. सकाळची बॅच सुटलेली. जयराजनं वाकून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली. "बसा मामा. एक गंमत दाखवतो."

त्यानं मशीनमध्ये सीडी सरकवली, एक काठी हातात धरली, आणि पडद्यावर विमान उडालं. लढाईचं विमान, पुढं घड्याळं, खाली डोंगर. तात्याला कौतुक वाटलं. पोरगं हुशार आहे, अंकिता सुखात राहील, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात स्पीकरमधनं एक नाकात बोलणारा गोरा म्हणाला, "एंजल्स ट्वेंटी."

तात्यानं चहाची बशी तोंडाला न लावता खाली ठेवली.

पाठोपाठ दुसरा आवाज, बस्टर. मग पॅनकेक. जयराज आपला उत्साहात सांगत सुटला होता. "हे शब्द सीडीबरोबरच्या चोपडीत न्हाईत बरं का, मामा. चोपडीत नुसती बटणं दिल्यात. ह्यातलं एकेक मी शोधून काढलंय, महिना गेला. आता हे बघा. बरोबरचं विमान पडू द्यायचं, तेल संपत आणायचं, आपण एकटं राहायचं, आणि मग हे बटण दाबायचं. एरवी दाबलं तर काहीच होत न्हाई. दडवून ठेवलंय."

त्यानं बटण दाबलं. स्पीकर खरखरला आणि तळावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "पिजन्स टू सेव्हन झिरो, फॉर्टी."

सव्वीस वर्षं जो शब्द ज्ञानूतात्यानं बायकोपुढं काढला नाही, तो हळदीच्या गोदामावर, उघड्या खिडकीत, हमालांच्या कानावर पडेल असा बोलला गेला होता. त्यानं मान वळवून कृष्णातकडं बघितलं. कृष्णात पडद्याकडं बघतच नव्हता. तो भिंतीला टेकून तात्याच्या चेहऱ्याकडं टक लावून होता.

"कसं वाटलं?" कृष्णातनं विचारलं.

"बरं हाय," तात्या म्हणाला. मग जयराजला, शक्य तितक्या सहज, "कुठनं आणलीस रं सीडी?"

जयराजचं तोंड लाल झालं. "मिळाली, मामा. एका ओळखीतनं."

बस. तात्याला एवढं पुरे होतं. ओळख कुठली, नाव का सांगत नाही, तोंड का लाल झालं? आणि बाप माझ्या तोंडाकडं का बघत होता? मला कळतंय का, हेच बघत होता. मासवडीचं जेवण केलेलं होतं, तात्या दोन घासांवर उठला. "पोट बरं न्हाई" म्हणाला आणि दोनची एसटी धरली.

घरी आल्यावर त्याचं डोकं भणभणायला लागलं. शब्द ठाऊक असणारे दहा जण. नंबियार साहेब तर गेलेच, दोघं लढाईनंतर वारले, सहा उत्तरेकडचे, त्यांतले पाच शेतीत, एक बँकेच्या दारावर. ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे असा माणूस एकच. शिवाय जयराज मागच्या साली सहा महिने हैदराबादला होता. कशाला, तर कोर्स. हैदराबादला गोऱ्यांच्या कंपन्या आहेत, पेपरात येतं. आणि कृष्णातनं गेल्या दिवाळीत घरावर माडी चढवली. एकेक धागा ओढावा तसा निघत गेला आणि प्रत्येक धागा सांगलीतच जाऊन पोचला. तात्याला राग आला, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. ज्या एका माणसापुढं त्यानं कधी कुलूप लावलं नाही त्यानंच घर धुतलं होतं, ह्याचं त्याला रडू येत होतं.

त्यानं फुलस्केपवर चार पानी अर्ज लिहिला. मा. अधिकारी साहेब, विमानदल, दिल्ली यांस. सगळं लिहिलं, माडीसुद्धा. अर्ज पोस्टात पडला की कृष्णातचं पेन्शन जाणार आणि पोरगं तुरुंगात जाणार हे त्याला कळत होतं. म्हणून तो पोस्टाच्या पेटीपर्यंत तीनदा गेला आणि तीनदा अर्ज खिशात घेऊन परत आला. पण असल्या घरात पोरगी देणं शक्य नव्हतं. चौथ्या खेपेला तो पोस्टाकडं न जाता छापखान्यात गेला आणि पत्रिका थांबवायला सांगून आला.

छापखानेवाला लालासाहेब. त्याच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ. संध्याकाळच्या आत बातमी शालूबाईच्या दारात.

"पत्रिका का थांबवली?" तिनं सरळ विचारलं.

"कारण हाय."

"काय?"

"सरकारी."

"लगीन माझ्या पोरीचं हाय, सरकारचं न्हाई," शालूबाई म्हणाली. "साखरपुडा झालेली पोरगी घरात बसली तर लोक तिच्यात खोट काढत्यात, नवऱ्यामुलात न्हाई. एवढं तरी कळतंय न्हवं तुमाला?"

मग अंकिता आतनं बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते, तेच तात्याला जास्त लागलं. "तात्या, जयराजचं काय वावगं कळलंय का? कळलं असंल तर सांगा, मी आत्ता माघारी फिरते. पर सांगितल्याबिगर न्हाई फिरणार."

काय सांगणार? सांगायचं तर शब्द सांगावे लागणार, आणि शब्दांवर तर सही केलेली. त्या दिवसापासनं अंकिताचं गुणगुणणं बंद झालं. ती बापाला जेवायला वाढायची, पण त्याच्याकडं बघायची नाही.

चार दिवस शालूबाईनं वाट बघितली. पाचव्या दिवशी सकाळी ती नेसून, हातात पिशवी घेऊन दारात उभी. "चला. जे काय हाय ते त्येंच्या तोंडावर बोला. मला सांगता येत न्हाई तर नगा सांगू, पर त्येंना तरी सांगा." तात्या कुरकुरत निघाला. अंकिता कुणाला न विचारता एसटीत चढली आणि मागच्या सीटवर बसली. लग्नाआधी पोरीनं सासरच्या दारात जायचं नसतं, असं बोलायला तात्यानं तोंड उघडलं होतं, पण तिच्याकडं बघून मिटलं.

कृष्णात क्लासातच होता. जयराजनं पोरांना सुट्टी देऊन दार लोटलं. कुणी कुणाला बस म्हटलं नाही. तात्यानं खिशातनं अर्ज काढला आणि टेबलावर आपटला.

"वाच. अजून टाकला न्हाई. तीस वर्षांची मैत्री म्हणून तुला आधी दाखवतोय. तू आपलं शब्द गोऱ्यास्नी विकलंस, क्रिश्ना. पोराच्या हातनं, हैदराबादला."

कृष्णातनं अर्ज उचललाच नाही. तो तात्याकडं बघत राहिला, मग गेला, कपाट उघडलं, आणि आतनं तसलाच घडी घातलेला फुलस्केप काढून तात्याच्या अर्जाशेजारी ठेवला. मा. अधिकारी साहेब, विमानदल, दिल्ली यांस.

"मी बी टाकला न्हाई," तो म्हणाला. "तू विकलंस म्हणून मी लिहिलंय. त्या दिवशी तुला बोलवलं ते पत्रिकेला न्हवं. ते शब्द ऐकून तुझं तोंड कसं हुतंय ते बघायला. आन् तुझं तोंड असं झालं, गड्या, मला वाटलं ह्येनंच केलंय."

"मी कशाला विकू? माझ्याकडं कॉम्प्युटर तरी हाय का?"

"तुझ्या पोरीला येतोय की. सीडी तिनंच दिलीया ह्येला, साखरपुड्याला."

तात्यानं सावकाश मागं वळून बघितलं. आता अंकिताचं तोंड लाल झालं होतं, आणि जयराज भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"साताऱ्याला स्टँडाजवळच्या दुकानात मिळती ती," अंकिता म्हणाली. "कुणालाबी मिळती. ढीग लावून ठेवल्यात."

जयराजनं मशीन चालू केलं. आपलं लग्न कशावरनं अडलंय हे बिचाऱ्याला आत्ता कळत होतं. "मामा, तुमी गेल्यावर मी आणखी शोधलं. शब्द कुठनं आलं ते मलाबी बघायचं हुतं. सीडीच्या पोटात एक फाइल हाय, पार आतल्या फोल्डरात, कुणी उघडणार न्हाई अशी. त्यात सगळ्या शब्दांची यादी हाय." त्यानं फाइल उघडली आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेला. एंजल्स, बस्टर, पॅनकेक, पिजन्स, सगळं होतं. हे शब्द इंग्रज वैमानिक जर्मनांशी लढताना वापरायचे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी. तेव्हापासनं ते पुस्तकांत छापलेत, पिक्चरांत आलेत, आणि आता खेळात.

दोन्ही म्हातारे पडद्याकडं बघत राहिले. इंग्रज जर्मनांशी लढत होते तेव्हा हे दोघं रांगत होते.

"म्हंजे आपलं न्हवतंच ते," कृष्णात म्हणाला.

"नंबियार सायबांना म्हाईत असंल का?"

"असंल की. सांगायचं न्हवतं त्येंना बी."

तात्या मटकन खुर्चीत बसला. आपली फजिती झाली ह्यापेक्षा त्याला वाईट ह्याचं वाटलं की आप्पासो बटाटं सोलण्यावरनं बोलला तेव्हा ह्यातला एक शब्द जरी तोंडावर मारला असता तरी काही बिघडणार नव्हतं. "बायकोला बी सांगायचं न्हाई म्हणून सही केली हुती," तो कुणाला तरी ऐकू जावं तसं म्हणाला. "म्हणून न्हाई सांगितलं."

"मला सांगितलंय की तुमी," शालूबाई म्हणाली.

ती इतका वेळ दाराशी पिशवी धरून उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"काय सांगितलं?" तात्यानं विचारलं.

"त्यो मघाशी बोलला ना, पिजन्स. त्यो." शालूबाई पुढं आली आणि खुर्चीवर नीट बसली. "थंडी पडली की झोपेत बोलता तुमी. पिजन्स. टू फोर झिरो. थर्टी फाय. मग थांबता. मग परत. टू फोर झिरो, थर्टी फाय. मग 'बोल की रं, बोल की रं' म्हणता, आन् घामानं भिजून उठता. पाणी मागता, पिता, आन् झोपता. सव्वीस थंड्या झाल्या. मला पाठ झालंय, देवाच्या आरतीगत."

तात्या खुर्चीत पुढं सरकला. "मग कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलणार? नवऱ्याच्या पोटातलं हाय, त्येला सांगायचं न्हाई तर त्येचं कारण असंल. माझी कुणी सही घेतली न्हवती, तरी बी मी न्हाई बोलले." तिनं पदर सारखा केला. "त्यात कुणीतरी पोरगं हाय आन् त्येला तुमी वाट सांगताय, एवढं मला कळतंय. लय येळा वाटलं इचारावं. आता सगळं उघडंच हाय म्हणून इचारते. त्यो पोरगा घरी पोचला का?"

खालनं पोती टाकल्याचा आवाज येत होता. तात्यानं डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न केला नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "डिसेंबरात, लढाईच्या पाचव्या दिवशी. दुपारची येळ. एकटंच विमान परत येत हुतं, तेल संपत आलेलं. त्यानं पिजन्स मागितलं. पोरगाच हुता गं, आवाजावरनं बावीस-तेवीसचा. मी दिशा दिली, मैल दिलं. टू फोर झिरो, थर्टी फाय. त्यानं रॉजर म्हटलं, म्हंजे समजलं, आन् मग आवाज तुटला. मी धा मिंटं बोलत राहिलो. काय न्हाई. मग दोन वाजलं, माझी शिफ्ट संपली, ह्यो आला, मी उठलो. माझीच दिशा चुकली असंल. दुसरं काय?"

"थांब," कृष्णात म्हणाला.

तो पांढराफटक पडला होता. "टू फोर झिरो. तुझ्या शिफ्टच्या वहीतली शेवटची ओळ. मी बसल्या बसल्या वाचली हुती." त्यानं टेबलाची कड धरली. "ज्ञानू, त्यो उतरला."

"काय?"

"उतरला त्यो. विमान खाली आलं की डोंगराच्या आड आवाज तुटतो, तसा तुटला. तुझ्या दिशेवर वाटंतच एक बारकी धावपट्टी हुती, तिथं उतरला. धावपट्टीवर चाकं लागली आन् इंजिन बंद पडलं, तेलाचा थेंब न्हवता. अडीच वाजता तिथनं फोन आला, मीच घेतला. वैमानिक ठीक हाय म्हणालं. चहा पितोय म्हणालं."

मग तात्या उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की जयराजला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"त्या संध्याकाळी तू माझ्या शेजारच्या खाटंवर झोपलास, क्रिश्ना."

"व्हय."

"मी जेवलो न्हवतो. तूच ताट झाकून ठेवलंस."

"व्हय."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

"माझ्या शिफ्टला आलेला फोन त्यो," कृष्णात म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच ते ऐकवेना. "शिफ्टचं शिफ्टमध्ये सोडायचं हुतं. मला काय म्हाईत तुझ्या मनात काय हाय? तू बी कधी इचारलं न्हाईस."

"इचारायचं न्हाई अशीच सही केली हुती की मी," तात्या म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरलं नाही. सव्वीस वर्षं तो एका पोराला मारून जगत होता, आणि पोरगं तिकडं चहा पीत बसलं होतं. त्याला कृष्णातला मारावंसं वाटलं आणि मिठी मारावीशीही वाटली. त्यानं मिठी मारली, पण पाठीत एक गुद्दाही घातला, चांगला आवाज येईल असा. कृष्णातनं तो घेतला.

शालूबाईनं मात्र वेळ घालवला नाही. तिनं पिशवीतनं भडंगाचा डबा काढला, जयराजला चहा सांगायला लावला, अंकिताला कप धुवायला पाठवलं. खाऊन झाल्यावर उरलेल्या भडंगाला पुडी बांधायला कागद हवा होता. तिनं टेबलावरचे दोन्ही अर्ज घेतले, चार पानं ह्याची आणि पाच त्याची, आणि घट्ट पुड्या बांधल्या. "परवा छापखाना उघडा ठेवायला सांगते लालासाहेबाला," ती म्हणाली. कुणी हरकत घेतली नाही.

परतीच्या एसटीत गर्दी होती. तात्याला कंडक्टरच्या शेजारची सीट मिळाली. कंडक्टर पोरगेला, बारीक मिशी, बोलका. "कुठं जाऊन आलाय, बाबा?" त्यानं तिकिटं फाडता फाडता विचारलं.

शालूबाईनं मागनं बघितलं. आता हा "सांगली" तरी म्हणतोय की तेही नाही, एवढंच तिला वाटलं.

"तुला वेळ हाय का रं?" ज्ञानूतात्या म्हणाला. "मग ऐक. एकाहत्तर साल. डिसेंबर. मी रेडिओवर बसलोय. आन् एक पोरगं विमानातनं मला इचारतंय, पिजन्स."

कंडक्टरनं तिकिटांची पेटी मांडीवर ठेवली. पुढच्या सीटवरच्या दोघांनी माना वळवल्या. तात्याचा आवाज इंजिनाच्या वर चढत गेला, तो दिशा सांगत होता, मैल सांगत होता, हातानं डोंगर दाखवत होता.

"आवं, हळू बोला," शालूबाईनं पुढं वाकून त्याच्या खांद्याला हात लावला. "सगळी गाडी ऐकतीया."

"ऐकू दे," तात्या म्हणाला. "त्यो उतरला, ते तर अजून सांगायचंय."